हाराआडची चावी

माझे सासरे कुणाला ‘या, बसा’ म्हणत नसत. ‘चावी कुठाय?’ असं विचारत. वर्कशॉपच्या दारात आलेला माणूस कामगार असो, ट्रॉलरचा मालक असो की विजेचं मीटर वाचायला आलेला असो, पहिला प्रश्न हाच. कामगाराच्या हातात चावी असेल तर त्याने ती वर धरून दाखवायची, नसेल तर भिंतीवरच्या फळ्याकडे बोट करायचं. मीटरवाला दर वेळी गोंधळायचा आणि स्वतःच्या मोटारसायकलची चावी दाखवायचा. सासरे तीही नीट बघून घेत आणि म्हणत, ‘‘खिशात ठेवू नको हो. पडेल.’’

ही चावी म्हणजे ड्रिल मशीनच्या चकची चावी. ज्यांनी वर्कशॉप बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ड्रिलचं बिट ज्या जबड्यात पकडतात तो चक. तो आवळायला आणि सोडायला एक आखूड चावी लागते. तिला वर आडवी मूठ, खाली गोलाकार दात आणि दातांच्या पुढे एक बारीक खुंटी. खुंटी चकाच्या भोकात बसते, चावीचे दात चकाच्या दातांत अडकतात, मूठ फिरवली की जबडा आवळतो. वीतभरसुद्धा नसलेली वस्तू. पण ती चकात विसरून मशीन चालू केलं, तर ती कुठे उडेल आणि कुणाला लागेल हे कुणी सांगू शकत नाही.

सासऱ्यांचं सगळं आयुष्य ती चावी कुणी विसरू नये यावर पहारा देण्यात गेलं. आज रत्नागिरीत त्यांचं नाव निघतं ते याच कारणाने. मी त्यांची सून. लग्न झाल्यापासून वर्कशॉपचं स्टोअर मी सांभाळते, त्यामुळे नाव काढणाऱ्यांपेक्षा मला थोडं जास्त माहीत आहे.

वर्कशॉप एमआयडीसीत, चिऱ्याच्या भिंतींचं, वर पत्रे. ट्रॉलरचे विंच, पंखे, शाफ्ट, पंप अशी कामं येतात. मासेमारी बंद असते त्या पावसाच्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते, कारण नारळी पौर्णिमेनंतर सगळ्यांनाच एकदम समुद्रात जायचं असतं. कामगार सासऱ्यांना मेस्त्री म्हणत. घरात आम्ही बाबा म्हणायचो.

त्यांनी मला पसंत केलं तेही चावीवरून. माझं माहेर खेडचं. वडिलांचं एसटी स्टँडजवळ हार्डवेअरचं दुकान होतं आणि मी कॉलेजातून आले की गल्ल्यावर बसायचे. बाबा मुलाला घेऊन बघायला आले. पोहे झाले, चहा झाला. मग त्यांनी पिशवीतून एक फडकं काढलं, सोडलं, आणि पोह्यांच्या बशीशेजारी एक जुना चक आणि तीन चाव्या मांडल्या. माझी आई आतून बघत होती. तिला वाटलं, हा देण्याघेण्यातलाच काही प्रकार असणार.

‘‘ह्यातली ह्या चकाची कुठली?’’ बाबांनी विचारलं.

मी पहिली लावून बघितली. खुंटी भोकात डुलत होती. दुसरीची खुंटी बरोबर बसली, पण दात वरच्या वर राहत होते, फिरवली असती तर निसटून चकाचे दात खाल्ले असते. तिसरी पूर्ण खाली बसली. ती मी त्यांच्या हातात दिली.

‘‘बरं. आता ठेवशील कुठं?’’

‘‘खिळ्याला.’’

‘‘कुठल्या खिळ्याला?’’

‘‘तिच्याच.’’

बाबा मुलाकडे वळले. ‘‘पोरगी चालेल रे.’’

बस. मला तो प्रकार आवडला होता, हे कबूल करायला हरकत नाही. रंग बघणारे, गाणं म्हणायला लावणारे येऊन गेले होते. हा माणूस हात बघतो, डोकं बघतो, असं वाटलं. मुलाला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, आणि मुलानेही सांगितलं नाही, हे माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस गेले.

त्यांचे नियम सांगते, कारण ते चांगले होते. आजही मी तेच पाळते.

फळ्यावर प्रत्येक चावीची आकृती रंगवलेली होती, तिच्याच मापाची. होडीच्या कामातून उरलेले रंग ते जपून ठेवत. एका मशीनला निळा, एकाला लाल, एकाला पिवळा, एकाला हिरवा. मशीनच्या डोक्यावर तोच रंग, चावीच्या मुठीवर तोच आणि फळ्यावरच्या आकृतीतही तोच. चावी जागेवर नसली की ती रंगीत आकृती उघडी पडायची आणि लांबून दिसायची. चावी चकात लावली की तिन्ही भोकांतून आवळायची, एकाच भोकातून नाही. दात झिजलेली चावी टाकून द्यायची नाही, कारण टाकलेली वस्तू आपल्याकडे कुणीतरी उचलून पुन्हा वापरतो. तिचे करवतीने दोन तुकडे करायचे आणि मग भंगारात टाकायचे. हे तुकडे करायचं काम ते स्वतः करत, आणि करताना चेहरा असा करत की जणू घरातलं कुणी गेलंय.

चार तोंडांची चावी बाजारात मिळते. चार मापांचे दात, एकच चावी सगळ्या मशीनना. तिला ते ब्रह्मदेव म्हणत. एकदा एक विक्रेता ती घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘मेस्त्री, एकात चार.’’

‘‘होय का? आणि हरवली की किती जातात?’’

विक्रेता हसला.

‘‘हसतोस काय मेल्या, मोज!’’

साखळीने चावी मशीनला बांधून ठेवणाऱ्या वर्कशॉपमध्ये ते पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. साखळी फिरत्या चकात गुंडाळली की चावीसकट हात ओढून नेते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. हातात धरायच्या ड्रिलची गोष्ट वेगळी. त्याची चावी वायरला बांधायची, पण प्लगच्या टोकाला, म्हणजे प्लग उपटल्याशिवाय ती चकापर्यंत पोचताच कामा नये. मंडणगडला आमच्याकडच्या एका लग्नात मांडव घालणाऱ्याने चावी ड्रिलच्या मुठीजवळच टेपने गुंडाळली होती. बाबांना ती पंगतीतून दिसली. अर्ध्या जेवणावरून उठले, खरकट्या हाताने तशीच टेप सोडली आणि प्लगजवळ बांधून आले. यजमान मागे मागे धावत होते, ‘‘अहो मेस्त्री, जेवून घ्या, काय झालं, कुणी काय बोललं का?’’ त्यांना वाटलं, पाहुणे मानापानावरून रुसले. बाबा परत पानावर बसले आणि त्यांना म्हणाले, ‘‘तुमचा जावई वाचला,’’ आणि वर स्पष्टीकरण न देता भात मागितला. त्या घरात त्या वाक्याचा अर्थ लावणं नंतर बरेच दिवस चालू होतं.

त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे. ‘‘हात चावीवर तर चावी चकात. हात सुटला तर चावी फळ्यावर. मधली जागा नाय.’’

वर्षातून एक दिवस मात्र मधली जागा असायची.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. सगळ्याच वर्कशॉपमध्ये असते. मशीन धुऊन पुसून, तेल लावून, हळदकुंकू, झेंडूचे हार. त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, उत्तरपूजा करून प्रत्येक मशीन मुहूर्ताला क्षणभर चालू करायचं. बाबांची स्वतःची म्हणून एक भर होती. मशीन आणि चावी ही जोडी आहे, पूजेला जोडी एकत्र हवी, नाहीतर देव अर्धा राहतो, असं ते मानायचे. म्हणून नवमीला ते स्वतःच्या हाताने चारही चाव्या चारही चकांत लावायचे आणि वरून हार घालायचे. हारही जाडजूड. चक दिसायचा नाही, चावी तर नाहीच.

मी पहिल्या वर्षी विचारलं होतं, ‘‘बाबा, हे चालतं?’’

‘‘आज मशीन बंद असतं, सूनबाय.’’

‘‘उद्या?’’

‘‘उद्या मी काढतो ना.’’

आणि काढायचे. दसऱ्याला सकाळी एकेक हार वर करून एकेक चावी काढत, फळ्यावर लावत आणि म्हणत, ‘‘चालू कर.’’ बटण दाबायचा मान मुलाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. बाबा पुढे, तो मागे. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं.

त्या वर्षी बाबांनी निळी काढली, लाल काढली, पिवळी काढली, तिन्ही मशीन चालू होऊन बंदही झाली. चौथ्याकडे वळताना त्यांची नजर फळ्यावर गेली आणि त्यांना हिरवी आकृती उघडी दिसली. चावी हाराआड चकातच होती, पण फळ्यावर उघडी जागा दिसली की ते दुसरं काही बघू शकत नसत. दिनू नावाचा आमचा जुना कामगार शेजारी प्रसादाचं ताट घेऊन उभा होता.

‘‘हिरवी कुठाय?’’

‘‘मला काय ठाऊक, मेस्त्री?’’

‘‘तू वापरतोस ते मशीन. कुठाय?’’

‘‘मेस्त्री, काल कुणी हात नाय लावलान कशाला.’’

‘‘खिसे दाखव.’’

‘‘सणाच्या दिवशी खिसे दाखवू?’’

‘‘दाखव म्हणतो ना!’’ आणि दिनूवर ओरडत असतानाच, सवयीने, मागे न बघता, त्यांनी हात हलवला आणि म्हणाले, ‘‘चालू कर रे.’’

नवऱ्याने हिरव्या मशीनचं बटण दाबलं.

दिनू एका हाताने ताट सावरत दुसऱ्या हाताने खिसा उलटा करत होता. हाराची फुलं सगळीकडे उडाली. आवाज फार मोठा झाला नाही. नवऱ्याने चेहरा धरला आणि तो खाली बसला, तेव्हा आधी मला वाटलं, फूल डोळ्यात गेलं.

त्याचा उजवा डोळा गेला. रत्नागिरीत जे करता येण्यासारखं होतं ते झालं, मग कोल्हापूरला नेलं, तिथेही डॉक्टरांनी तेच सांगितलं. बाबा दवाखान्याच्या बाकावर बसून होते. मुलगा शुद्धीवर आल्यावर त्याच्याशी त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नव्हतं, मी औषधं आणायला गेले होते. मी परत आले तेव्हा ते खोलीत नव्हते. घरी आल्यावर सगळ्यांसमोर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हे: ‘‘बटणाला हात लावायच्या आधी बघायचं असतं.’’

‘‘होय बाबा,’’ नवरा म्हणाला. डोळ्यावर पट्टी होती.

मला वाटलं होतं, माणूस हादरला आहे, चार दिवस जाऊ देत, मग म्हणेल. मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं. ‘चावी मी लावली होती.’ क्षमा मागायला नको होती, रडायला तर मुळीच नको. एवढं एक वाक्य, मुलासमोर. ते काही आलं नाही.

त्याऐवजी एक नवीन पद्धत सुरू झाली. वर्कशॉपमध्ये नवा कामगार आला की बाबा त्याला फळ्यासमोर उभं करून रंग, खुंटी, दात, तीन भोकं सगळं समजावत. ते शिकवत फार छान. मग आत हाक मारत. नवरा हातातलं काम टाकून यायचा.

‘‘चष्मा काढ.’’

तो काळा चष्मा काढायचा.

‘‘बघ,’’ बाबा नव्या माणसाला म्हणायचे, ‘‘हा माझा मुलगा. ह्याने मशीन चालू करताना चावी बघितली नाय. एकदाच. घाल चष्मा.’’

तो चष्मा घालून परत कामाला जायचा. नवा माणूस जन्मात विसरायचा नाही. आमच्याकडून काम शिकून गेलेली माणसं आज कुठे कुठे आहेत, चिपळूणला, पनवेलला, आखातात. भेटली की सांगतात, ‘‘वहिनी, मेस्त्रींनी दाखवलेलं अजून डोळ्यांसमोर आहे.’’ ज्याचा डोळा दाखवला त्याच्याबद्दल विचारत नाहीत.

मी एकदा स्टोअरच्या खिडकीतून म्हणाले होते, ‘‘हाराचंही सांगा.’’ दोन नवे कामगार उभे होते. बाबांनी वळूनही बघितलं नाही. ‘‘हार देवाचा होता,’’ म्हणाले, आणि पुढचं शिकवायला लागले.

घरी मी विषय काढला. नवरा बाहेर गेला होता आणि बाबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

‘‘बाबा, चावी कुणी लावली होती?’’

‘‘मी. देवापुढे लावली.’’

‘‘मग त्याला तसं सांगा.’’

‘‘काय सांगू? मशीन देवाने चालू केलं? मी केलं?’’

‘‘तुम्ही ‘चालू कर’ म्हणालात.’’

‘‘चालू कर म्हणालो. बघू नको असं नाय म्हणालो.’’ अडकित्ता चालूच होता. ‘‘सूनबाय, नियम सगळ्यांना सारखा. ज्याचा हात बटणावर, त्याची जबाबदारी. उद्या मी म्हटलं की चूक माझी, तर परवा दिनू म्हणेल, मेस्त्रींनी सांगितलं म्हणून मी दाबलं. मग कोणाचे डोळे वाचवायचे ते तूच सांग.’’

‘‘एकट्यात सांगा. दिनूला कळायचं काय कारण?’’

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. तोंडात सुपारी असली की ते बोलत नसत. हाही त्यांचा एक नियम होता, आणि त्या दिवशी तो त्यांनी फार मनापासून पाळला.

आता एक गोष्ट त्यांच्या बाजूची. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी मासे सोडले. काही न सांगता सोडले. सुरमई, बांगडा, सुकटसुद्धा. ज्या माणसाचं जेवण मासळीशिवाय होत नसे, आणि ज्याला ट्रॉलरवाले कामाच्या जोडीला पाटीभर मासळी आणून देत, तो मरेपर्यंत डाळभात जेवला. नातेवाईक हळहळायचे. माझी नणंद डोळ्याला पदर लावून म्हणायची, ‘‘वहिनी, बाबांच्या मनात किती आहे बघ गो.’’ मी त्यांच्यासाठी रोज वेगळी भाजी केली, म्हणून सांगते, मला त्या डाळभाताचं कौतुक नाही. त्यांनी रोज दोन वेळा सुरमई खाल्ली असती आणि ते एक वाक्य बोलले असते, तर मी स्वतः बाजारातून आणून तळून वाढली असती. मासे सोडले ते त्यांनी त्यांच्या आणि देवाच्या हिशेबात. माझ्या नवऱ्याच्या पानात त्यातलं काही पडलं नाही.

आणि खंडेनवमी? ती तशीच चालू राहिली. जोडीची पूजा, चकात चाव्या, वर हार. मी एका वर्षी आधीच जाऊन चाव्या पाटावर मांडल्या आणि त्यांना वेगळं हळदकुंकू लावलं. बाबा आले, त्यांनी एकेक चावी उचलली आणि चकात लावली. माझ्याशी बोलले ते फक्त, ‘‘तुझ्या घरी दुकानाची पूजा तू तुझ्या मनाने करायचीस?’’ नाही करायचे. वडील करायचे. मी तेही बोलून दाखवलं. ‘‘मग?’’ म्हणाले आणि हार उचलला.

शेवटी सिव्हिलमध्ये होते तेव्हा ऑक्सिजन लावला होता. सिलिंडरची चावी साखळीने सिलिंडरच्या मानेला बांधलेली होती. मास्क बाजूला करून त्यांनी नर्सला बोलावलं. ती बिचारी वाकून ऐकायला लागली, तिला वाटलं काही त्रास होतोय. ‘‘साखळी काढ गो,’’ म्हणाले, ‘‘खिळ्याला लाव.’’ नर्स माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, ‘‘लावते म्हणा.’’ नवरा पायाशी बसून होता. मी मुद्दाम बाहेर जाऊन उभी राहिले, दार ओढून घेतलं. म्हटलं, बोलायचं असेल तर आता तरी बोलतील. बराच वेळ गेला. आत आले तर दोघंही सिलिंडरकडे बघत बसलेले.

शोकसभेत शेजारच्या वर्कशॉपचे मालक बोलले. ‘‘मेस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये कधी कुणाच्या बोटाला पट्टी लागली नाही,’’ असं सुरू करून ते मध्येच थांबले, कारण समोर पहिल्या रांगेत काळा चष्मा होता. ‘‘एक अपवाद सोडला तर,’’ असं म्हणून पुढे गेले. बाकी सभा चांगली झाली. सगळे खरंच बोलले. मला त्यात खोडायला एक वाक्य सापडलं नाही, आणि त्याच गोष्टीचा जास्त राग आला.

त्यानंतर काही दिवसांनी एक नवा कामगार ठेवला. मी स्टोअरमध्ये बसून बघत होते. नवऱ्याने त्याला फळ्यासमोर उभं केलं, खुंटी दाखवली, तीन भोकं दाखवली. मला वाटलं, आता झालं, आता हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. तर त्याने स्वतःच चष्मा काढला.

‘‘बघ,’’ म्हणाला. ‘‘मी मशीन चालू करताना चावी बघितली नाय. एकदाच.’’

आवाजसुद्धा बाबांचा.

मी त्याच महिन्यात कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडून स्प्रिंगच्या चाव्या मागवल्या. त्या बाबा असताना घरात येऊ शकल्या नसत्या. ‘स्प्रिंगवर भरवसा ठेवणारा माणूस हात विसरतो,’ असं ते म्हणायचे. या चावीच्या खुंटीत स्प्रिंग असते. दाबून धरली तरच दात लागतात, हात सोडला की ती आपोआप चकातून बाहेर पडते. विसरायची सोयच नाही. बाबांचा नियम, फक्त माणसाऐवजी लोखंड पाळतं. मी मापं घेऊन चारही बसवून बघितल्या, मुठींना रंग दिले, जुन्या चाव्या करवतीने कापल्या. नवरा ‘बरं’ म्हणाला. त्याला त्या आवडल्याही.

मग खंडेनवमी आली. मी हळदकुंकवाचं ताट करत होते. आतून हाक आली.

‘‘अगो, इकडे ये जरा. हा धागा घे.’’

तो हिरव्या मशीनसमोर उभा होता. चावी चकात लावून अंगठ्याने दाबून धरलेली. दुसऱ्या हातात पूजेचा लाल धागा.

‘‘राहत नाय. सारखी बाहेर येते. तू गुंडाळ, मी धरतो.’’

‘‘बाहेर येणारच. त्यासाठीच आणल्या.’’

‘‘आजच्या दिवस बांधू.’’

‘‘अहो, फळ्यावर राहू देत. तिथे लावा हळद.’’

‘‘बाबा जोडीने पुजायचे.’’

‘‘त्या दिवशी चावी बाबांनीच लावली होती,’’ मी म्हणाले.

इतक्या वर्षांत हे त्याच्यासमोर कुणी बोललं नव्हतं. मीही नाही. ते माझं वाक्य नव्हतं, मी ते दुसऱ्याच्या तोंडून यायची वाट बघत होते.

त्याने अंगठा काढला नाही.

‘‘माहितेय मला. आदल्या दिवशी लावताना बघितलं होतं मी.’’

‘‘मग बटण कशाला दाबलंत?’’

‘‘बाबा ‘चालू कर’ म्हणाले.’’ माझ्याकडे बघून त्याने असं सांगितलं की जणू मलाच साधी गोष्ट कळत नाही. ‘‘बाबा म्हणाले म्हणजे काढली असणार. त्यांनी सांगितल्यावर वर हार उचलून बघायचं? सगळ्यांसमोर?’’

‘‘हे त्यांना कधी सांगितलंत?’’

‘‘तेव्हाच. कोल्हापूरला. तू औषधं आणायला गेली होतीस.’’

‘‘काय म्हणाले?’’

‘‘चहा आणतो म्हणाले.’’

त्याने पुन्हा धागा पुढे केला. मी घेतला नाही. तेव्हा त्याने एक टोक दातात धरलं आणि एकट्यानेच बांधला, चारही मशीनवर, घट्ट. मग वर हार घातले. मी मागच्या बाजूला जाऊन मेन बंद केला, फ्यूज काढले, भाजीच्या पिशवीत टाकले आणि घरी आले.

दसऱ्याला सकाळी त्याने उत्तरपूजा केली. हाराखाली हात घालून एकेक धागा कापला, एकेक चावी काढली, फळ्यावर लावली. फळा भरला. बटण दाबायचा मान आता कुणाचा, तर त्याने दिनूला पुढे बोलावलं. ‘‘चालू कर.’’

दिनू पुढे आला. त्याने बटणाला हात लावला नाही. हार वर उचलला, खाली वाकला आणि चकाभोवती बोट फिरवून बघितलं.

‘‘काढल्यात म्हटलं ना,’’ नवरा चिडून म्हणाला.

‘‘होय. म्हणालात,’’ दिनू म्हणाला, आणि दुसऱ्या मशीनचा हार उचलायला गेला. चौथ्याचा उचलून होईपर्यंत मी थांबले. मग पिशवी घेऊन फ्यूज लावायला उठले.